जुनी यादी, नवे यंत्र



मी पेशाने नर्स. मुंबईत एस.एस.सी. झाले, विसाव्या वर्षी आलिया केली आणि पुढे पस्तीस वर्षे इथल्या इस्पितळात डे-नाईट ड्युट्या केल्या. कॉम्प्युटरचे शिक्षण म्हणाल तर शून्य. तेव्हा "बाई, तुम्ही कधीपासून कॉम्प्युटरवर लेख लिहायला लागलात?" असे कोणी विचारले तर मला राग येणार नाही. पण 2024 साली आमच्या बेथ हाक्नेसेतमध्ये जे घडले ते उद्या तुमच्याकडेही घडू शकते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे दर शब्बाथला गब्बाई उभे राहून येत्या आठवड्यात कोणाकोणाची अझकारा आहे ती नावे वाचतात. ज्यांचे माणूस गेलेले असते ते कान देऊन ऐकतात. मग त्या दिवशी कद्दिश म्हणतात, दिवा लावतात, हशकाबा होते. ही नावांची यादी 1991 पासून आमचे हे ठेवीत असत. ते कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे डीबेस नावाच्या प्रोग्रामवर मालाची नोंद ठेवायला शिकले, आणि त्यावरच त्यांनी यादीचा प्रोग्राम स्वतः लिहिला. इंग्रजी तारीख घातली की तो हिब्रू तारीख काढी, आणि एलुल महिना लागला की पुढच्या वर्षाची सगळी यादी छापून देई. कडेला भोकांची पट्टी असलेला तो लांबच लांब कागद, आणि प्रिंटरची ती करकर! म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल.

2016 साली हे गेले. प्रोग्राम मात्र चालूच राहिला. गब्बाईंना एवढेच माहीत होते की अमुक बटन दाबायचे, मग कागद बाहेर येतो. नवी नावे त्यात घालायची कोणाची हिंमत झाली नाही. ती एका वहीत हाताने लिहिली जात. 2024 च्या उन्हाळ्यात एक दिवस बटन दाबले तर पडदा काळा. यंत्र गेले. दुरुस्तीवाल्याने आतली फाइल वाचवून एका छोट्या पेन-ड्राइव्हवर दिली आणि म्हणाला, "नवीन घ्या." नवीन घेतले. त्यावर प्रोग्राम टाकला. नव्या कॉम्प्युटरने एका ओळीत सांगितले की हा प्रोग्राम इथे चालणार नाही.

चारशे बारा नावे होती त्यात. रोश हशाना दीड महिन्यावर आलेला.

का चालत नाही?

माझा मोठा नातू सतरा वर्षांचा. त्याला विचारले, "अरे, फाइल तीच, प्रोग्राम तोच, कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा शंभर पट हुशार. मग अडले कुठे?" त्याने हिब्रूत समजावले. मी माझ्या भाषेत सांगते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर समजा. प्रोग्राम म्हणजे वॉर्डात येणारे डॉक्टर. डॉक्टरला खाट हवी, औषध हवे, कागद हवा, तर तो सिस्टरला सांगतो. कपाटाची किल्ली सिस्टरकडे. आता सिस्टर बदलली, कपाटे हलवली, आणि नव्या सिस्टरला जुन्या डॉक्टरची बोली कळत नाही. डॉक्टर हुशार असूनही त्याला कोणी विचारत नाही.

आमच्या ह्यांचा प्रोग्राम डॉसवरचा. डॉस 1981 साली आयबीएमच्या पीसीबरोबर आले. त्या काळचे प्रोग्राम सोळा बिटांचे, म्हणजे यंत्राशी सोळा-सोळा खुणांच्या गटात बोलणारे. पुढे बत्तीस बिट आले, मग चौसष्ट. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या जुन्या प्रोग्रामांसाठी एक दुभाषा बसवलेला असे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये तो नाही, कारण चौसष्ट बिटांच्या पद्धतीत चालताना खुद्द प्रोसेसरच ती जुनी सोय देत नाही. 2021 साली आलेले विंडोज 11 तर फक्त चौसष्ट बिटांचेच आहे. म्हणजे यात आमच्या ह्यांची चूक नाही आणि गब्बाईंचीही नाही. घर तेच राहिले, गाव बदलले.

इस्त्रीची पिन

नातू म्हणाला, "सफ्ता, काळजी करू नकोस. जुने गेम खेळायला आम्ही डॉसबॉक्स वापरतो." हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचे सोंग घेतो. मला लगेच माझी इस्त्री आठवली. मुंबईहून येताना मी लाडाने इस्त्री आणली होती. इथे भिंतीत तिची पिन शिरेना. वीज मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच दाबाची. दोन शेकेलचा अडॅप्टर लावला आणि इस्त्री तापली. डॉसबॉक्स म्हणजे तसला अडॅप्टर.

आणि खरेच, प्रोग्राम उठून बसला! काळ्या पडद्यावर ह्यांनी केलेली चौकट दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण नावांच्या जागी हिब्रू नव्हते. डोक्यावर टिंबे आणि तिरक्या रेघा असलेली फ्रेंच वळणाची अक्षरे होती. कारण असे की त्या यंत्रात हिब्रू अक्षरांचे आकार आतल्या चिपमध्येच बसवलेले होते. यंत्र गेले, अक्षरांचे आकार त्याच्याबरोबर गेले. शिवाय प्रोग्रामला जो जाडा प्रिंटर-प्लग हवा, तो नव्या कॉम्प्युटरला नाही.

नातू म्हणाला, हेही जमवता येईल, आणखी दोन अडॅप्टर लावू. मी विचार केला. गब्बाई ऐंशीला टेकलेले. अडॅप्टरवर अडॅप्टर लावून किती वर्षे? एक सैल झाला की सगळे बंद. म्हटलं, "नको रे बाबा. इस्त्री नवीन घेऊ. पण कपडे तेच राहिले पाहिजेत." म्हणजे प्रोग्राम नवा करायचा आणि नावे जशीच्या तशी नव्या घरी न्यायची. बिऱ्हाड हलवायचे.

अलेफचा खाट नंबर

बिऱ्हाड हलवताना पहिली फजिती अक्षरांची झाली. बालमित्रांनो, हे नीट वाचा. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, नंबर ओळखतो. डॉसच्या हिब्रू यादीत अलेफचा नंबर 128. विंडोजच्या जुन्या हिब्रू यादीत त्याच अलेफचा नंबर 224. आणि आता सगळ्या जगाने मान्य केलेल्या युनिकोडमध्ये 1488. पेशंट तोच, वॉर्ड बदलला की खाट नंबर बदलतो. नव्या सिस्टरला जुना खाट नंबर सांगितला तर ती भलत्यालाच इंजेक्शन देणार.

यावर उपाय सोपा निघाला. लिब्रेऑफिस नावाचा फुकट प्रोग्राम डीबेसची जुनी फाइल उघडतो आणि उघडण्यापूर्वी विचारतो की अक्षरे कोणत्या यादीप्रमाणे वाचू? नातवाने डॉसची हिब्रू यादी सांगितली. झाले! पडद्यावर हिब्रू आले.

पण वाचता येईना. अक्षरे ओळखीची, नावे अनोळखी. आम्ही दोघे चष्मे पुसत बसलो. तेवढ्यात माझी धाकटी नात, वय वर्षे नऊ, मागून म्हणाली, "सफ्ता, बंद मेम सुरुवातीला कसा? तो तर शेवटी येतो!" बरोबर! शब्दाच्या शेवटी येणारा बंद मेम नावाच्या सुरुवातीला बसला होता. ते नाव अब्राहाम होते, पण उलटे. जुन्या डॉसला उजवीकडून डावीकडे लिहिणे ठाऊक नव्हते. म्हणून आमच्या ह्यांच्या प्रोग्रामसारखे प्रोग्राम अक्षरे उलट्या क्रमाने साठवीत, म्हणजे पडद्यावर सुलटी दिसत. नवे कॉम्प्युटर अक्षरे आपण बोलतो त्या क्रमाने साठवतात आणि दिशा स्वतः सांभाळतात. त्यामुळे जुने सुलटे ते नव्यात उलटे.

मग नातवाने सगळ्या ओळी उलटवल्या. नावे सुधारली, पण शेऱ्याच्या रकान्यात "आलिया 1974" चे 4791 झाले! आकडे हिब्रूतही डावीकडूनच लिहितात, ते उलटवायचे नव्हते. पुन्हा बसलो. अक्षरे उलटवायची, आकडे तसेच ठेवायचे.

मराठीचेही तेच दुखणे

आमच्या ह्यांनी नंतर विंडोज 98 वर एक मराठी यादीही केली होती, घरच्या नावांची. आपल्या जुन्या बायकांचे दफ्तरी नाव एक आणि घरचे नाव दुसरे. हिब्रू यादीतले नाव वाचले तर नातवंडांना कळायचे नाही, पण "सोनाबाई" म्हटले की सगळे कुटुंब मान वर करते. ही यादी उघडली तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी.

त्या काळी मराठी फॉन्टची बरीच पॅकेजेस निघाली होती. त्यांची गंमत अशी की फाइलमध्ये असे रोमन अक्षर आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा सदरा घाली. सदरा काढला की खाली रोमन. आणि प्रत्येक कंपनीचा सदरा वेगळा; एकीच्या फॉन्टमध्ये लिहिलेले दुसरीच्या फॉन्टमध्ये अगम्य. तो जुना फॉन्ट ह्यांच्या एका फ्लॉपीवर सापडला. नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची फट नाही, म्हणून शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. फॉन्ट हाताशी आला तेव्हा कोणते रोमन अक्षर म्हणजे कोणते मराठी अक्षर, याचा तक्ता मी शाळेच्या वहीत केला. त्या तक्त्यावरून नातवाने यादी युनिकोडमध्ये आणली. युनिकोडमध्ये 1991 पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. तिथे "क" चा नंबर 2325. तो अश्दोदला तोच, ठाण्याला तोच, न्यू जर्सीलाही तोच.

इथेही एक काटा टोचला. "किहीमकर" हे आडनाव "िकहीमकर" असे आले. आपण ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढतो, पण बोलताना आधी "क" येतो आणि मग "इ". जुना फॉन्ट डोळ्यांना दिसते तसे साठवी, युनिकोड कानाला ऐकू येते तसे साठवतो. हिब्रूचे दुखणे आणि मराठीचे दुखणे एकच! जुन्या यंत्रांनी शब्दाचे चित्र जपले होते. आम्हाला त्या चित्रातून शब्द काढायचा होता.

एल म्हणजे काय?

आता वाटले संपले. नातवाने तारखा काढणारा नवा प्रोग्रामही तयार केला. मी म्हटलं, "थांब. इस्पितळात ड्युटी बदलताना आम्ही नुसते 'सगळे ठीक' म्हणत नाही. खाटेजवळ उभे राहून एकेक पेशंट ताब्यात देतो." गब्बाईंच्या कपाटात 5784 सालची शेवटची छापील यादी होती. तेच वर्ष नव्या प्रोग्रामवर काढले आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. नात जुनी वाची, मी नवी बघे. चारशे बारा नावे. तीन संध्याकाळी लागल्या.

बरे झाले थांबलो. शंभरावर नावांची तारीख एका दिवसाने मागे होती. आणि अदार महिन्यातल्या नावांत चक्क एका महिन्याचा फरक.

अदारचे कोडे हाज्जानने सोडवले. 5784 लीप वर्ष होते. एकोणीस वर्षांत सात वेळा अदार दोनदा येतो. साध्या वर्षी अदारमध्ये गेलेल्या माणसाची अझकारा लीप वर्षी कोणत्या अदारात करायची, याच्या दोन रीती आहेत. आमच्याकडे दुसऱ्या अदारची. नातवाने जो तयार नियम घेतला होता तो पहिल्या अदारचा. प्रोग्राम चुकला नव्हता. ती रीत आमची नव्हती, एवढेच.

पण एका दिवसाचे काय? नातू म्हणाला, "सफ्ता, जुन्या फाइलमध्ये 'एल' नावाचा एक रकाना होता. त्यात फक्त हो किंवा नाही. मला काही अर्थ लागला नाही, म्हणून मी तो घेतलाच नाही."

मी ती जुनी फाइल पाहिली. ज्यांच्यापुढे "हो" होते त्यांतली दोन नावे मला माहीत होती. एक माझ्या सासूबाई, रात्री अकराला गेल्या. दुसरे माझ्याच वॉर्डात गेलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या कागदावर वेळ मीच लिहिली होती, रात्रीची, पण मध्यरात्रीच्या आधीची... आणि एकदम आठवले. हे मला ड्युटीवर फोन करीत आणि एकच विचारीत: "सूर्य मावळण्याआधी की नंतर?" मी कधी वैतागून म्हणायचे, "तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणायचे, "अगं, सांग तर."

एल म्हणजे लायला. रात्र! आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. इंग्रजी तारीख तीच असली तरी रात्री गेलेल्या माणसाची हिब्रू तारीख पुढची. ह्यांचा प्रोग्राम तो रकाना पाहून एक दिवस वाढवीत होता. त्यांनी हे कुठेही लिहून ठेवले नव्हते. दहा अक्षरांपर्यंत नाव द्यायची सोय असताना एकच अक्षर दिले. त्यांना वाटले असेल, मी आहे ना.

मी नसते, किंवा माझी आठवण गेली असती, तर? शंभरावर कुटुंबांनी चुकीच्या दिवशी कद्दिश म्हटला असता आणि कोणाला कधी कळलेही नसते. माझ्या मते जुन्या प्रोग्रामचे बिऱ्हाड हलवण्यातली खरी अडचण हीच. यंत्र विकत मिळते, अक्षरांचे नंबर तक्त्यात सापडतात, पण "हे असे का केले" याचे उत्तर फक्त माणसापाशी असते, आणि माणूस जातो.

असे मोठ्यांचेही झाले आहे. 1986 साली इंग्लंडात बीबीसीने देशभरातली माहिती लेसर डिस्कवर साठवली, 1086 सालच्या प्रसिद्ध नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली आणि तज्ज्ञांना त्या माहितीसाठी खटपट करावी लागली. नऊशे वर्षांची वही मात्र आजही वाचता येते. आपल्या लोकांची मराठी हग्गादा 1846 साली मुंबईत छापली गेली. तिलाही कोणती सिस्टिम लागत नाही, डोळे असले की पुरे.

म्हणून सांगते

वाचकहो, तुमच्याकडे जुन्या कॉम्प्युटरवर काही असेल, मंडळाची वर्गणी, वंशावळ, मालिद्याच्या वेळची गाणी, आईच्या पाककृती, तर तो चालू आहे तोवरच हलवा. बंद पडल्यावर नव्हे. एक प्रत कागदावर छापून ठेवा. मराठी असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या, आणि जुना फॉन्ट टाकून देऊ नका, तीच किल्ली आहे. हलवल्यावर जुने-नवे शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते फेकू नका, आधी म्हाताऱ्यांना विचारा.

बालमित्रांनो, हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी. तुम्हाला कॉम्प्युटर कळतो, आम्हाला त्यातला मजकूर कळतो. दोघे एका टेबलाशी बसलो तरच काम होते. बंद मेम तुमच्यातल्याच एकीने पकडला!

आमची नवी यादी रोश हशानाच्या चार दिवस आधी तयार झाली. रकान्यांच्या वर आता पूर्ण शब्द आहेत, हिब्रूत आणि मराठीत. एल च्या जागी "सूर्यास्तानंतर". पहिल्या पानावर कोणता रकाना कशासाठी, अदारची रीत कोणती, हे सगळे लिहून फाइलला लावले आहे, आणि त्याचा कागद गब्बाईंच्या कपाटात आहे.

मग वहीतली 2016 पासूनची नावे घालायची होती. नातू म्हणाला, "पहिले कोणाचे घालू?" मी त्याच्या आजोबांचे नाव सांगितले. तारीख सांगितली. पुढच्या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहिले.

डिसेंबरचा महिना होता, संध्याकाळचे साडेपाच. खिडकीबाहेर अंधार पडला होता.

म्हटलं, "सूर्यास्तानंतर. हो लिही."